किल्ल्याच्या आवारातले काँक्रीट

संपादक महोदय,

गडांच्या पायथ्याशी होणाऱ्या तिकीटघरांना आणि उपाहारगृहांना बुरूज-कमानींचे रूप द्यावे, अशी सूचना आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे एका वाचकाने केली आहे. त्यामागील आस्था मान्य करूनही, नेमक्या उलट वाटेने गेलेल्या एका किल्ल्याची हकिगत सांगावीशी वाटते. इंग्लंडमधील डडली येथे किल्ल्याच्या आवारातच प्राणिसंग्रहालय आहे आणि मुलीकडे मुक्कामाला असताना ते मी दोनदा निवांतपणे पाहिले.

नॉर्मन काळातला हा किल्ला सतराव्या शतकातील यादवी युद्धानंतर पाडून निकामी करण्यात आला आणि १७५० सालच्या आगीत त्यातील राहते वाडेही गेले. पुढे १९३५च्या सुमारास किल्ल्याचे मालक असलेल्या डडलीच्या उमरावांनी दोन भागीदारांसह तेथे प्राणिसंग्रहालय काढायचे ठरवले. त्यांपैकी एकाला ऑक्सफर्ड येथील आपल्या संग्रहालयातील प्राणी विकायचे होते, तर दुसरा मांसविक्रीच्या मोठ्या धंद्यातला होता. हा दुसरा योग मला मोठा मजेशीर वाटला.

आराखड्याचे काम बर्थोल्ड ल्युबेट्किन यांच्या टेक्टन या वास्तुरचनाकारांच्या गटाकडे गेले. त्यांच्यापुढे अडचणी दोन होत्या. किल्ला संरक्षित स्मारक असल्याने नव्या बांधकामाने त्याला बाधा येऊन चालणार नव्हते. आणि ज्या टेकडीवर तो उभा आहे ती चुनखडीच्या जुन्या खाणींनी आतून पोखरलेली होती. मी आयुष्यभर पायाच खोदत आलो असल्यामुळे माझे लक्ष साहजिकच या दुसऱ्या गोष्टीकडे गेले. वर हिरवळ आणि खाली पोकळी अशा जागी भार कुठे टाकायचा, हे आधी ठरवावे लागते आणि इमारतीचा आकार नंतर येतो. इथल्या वास्तू ठेंगण्या, सुट्या आणि उताराला बिलगून बसलेल्या आहेत, तर अस्वलांच्या घळीवरचा सज्जा थेट अधांतरी पुढे काढलेला आहे. त्याच्या टोकाशी उभे राहून खाली डोकावताना, या लोखंडाचे गणित कोणी केले असेल, हाच विचार माझ्या मनात येत राहिला.

प्रवेशद्वार तर मुद्दाम पाहण्यासारखे आहे. बारीक खांबांवर तोललेली नागमोडी छपरे एकावर एक सरकत उताराबरोबर वर चढतात. त्यांच्यावर ना कमान आहे, ना दगडाचा आभास. माथ्यावरच्या भग्न बालेकिल्ल्याशी त्यांचे कसलेही साम्य नाही आणि म्हणूनच दोन्ही वास्तू आपापल्या जागी स्पष्ट दिसतात.

६ मे १९३७ रोजी हे संग्रहालय खुले झाले, तेव्हा लोक अक्षरशः लोटले. मात्र ही रचना प्राण्यांपेक्षा पाहणाऱ्यांच्या सोयीची होती, हेही सांगितले पाहिजे. ध्रुवीय अस्वलांसाठी बांधलेला खोल काँक्रीटचा खड्डा छायाचित्रात देखणा दिसतो. पण बर्फावर मैलोन्‌मैल भटकणाऱ्या जनावराचे तिथे काय होत असेल, हे कठड्याला टेकून पाहिले की लगेच कळते. आता तिथे ध्रुवीय अस्वले नाहीत.

टेक्टनच्या तेरा वास्तूंपैकी पेंग्विनांचा तलाव १९७९ साली पाडला गेला. उरलेल्या बारा आज खुद्द वारसा म्हणून संरक्षित आहेत, म्हणजे ज्या किल्ल्याला धक्का लागू नये म्हणून त्या जपून बांधल्या, त्याच्याच पंक्तीला त्या जाऊन बसल्या. त्यांतील चारांची अलीकडेच नीट दुरुस्ती झाली. अशा पातळ काँक्रीटमध्ये सळईवरचे आवरण कमी असते; पाणी मुरते, सळई गंजून फुगते आणि पोपडे सुटतात. हे दुखणे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या इमारतीच्या गच्चीखाली पाहायला मिळते. तिथे वरून गिलावा थापून ते झाकले नाही, मूळ काँक्रीटचा पोत राखून दुरुस्ती केली.

आपल्याकडे फायबरचे बुरूज पाहून मुले ‘हा शिवकालीन का?’ असे विचारतात आणि काय सांगावे ते सुचत नाही. डडलीच्या दारात माझ्या नातवाने असे काही विचारले नाही. हे नवे आणि ते जुने, एवढे त्याला न सांगता कळले होते.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे