परराष्ट्र सेवेबद्दल खेड्यातल्या मुलांनाही सांगा

महोदय,

मी वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा बी.ए. झाले. घरी चार एकर संत्रा आहे. मागच्या महिन्यात स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शन शिबिराला गेले होते. तलाठी, फौजदार, तहसीलदार, कलेक्टर, सगळ्यांवर बोलणं झालं. शेवटी मी उभं राहून भारतीय परराष्ट्र सेवेबद्दल, म्हणजे परदेशातल्या आपल्या दूतावासांत काम करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सेवेबद्दल, विचारलं. वक्ते म्हणाले, "ताई, ते इंग्रजी शाळेतल्या मुलांचं काम. तुम्ही सरळसेवेच्या जागा बघा." माझ्या शेजारच्या मुलीने वहीत 'परराष्ट्र सेवा' असं लिहून घेतलं होतं. तिने ते खोडलं. म्हणून हे पत्र.

या सेवेला वेगळी परीक्षा नाही. कलेक्टर ज्या नागरी सेवा परीक्षेतून होतात, तिच्यातूनच हे अधिकारी निवडले जातात. अर्जात सेवांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. कोणत्याही शाखेची पदवी चालते, मुक्त विद्यापीठाचीसुद्धा. वय २१ ते ३२. ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत. मुलींना फी नाही. पूर्वपरीक्षेचं केंद्र नागपूरला आहे. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर असतो, पण त्यात २५ टक्के मिळाले की पुरे, ते गुण अंतिम यादीत धरत नाहीत. अडचण आहे ती पूर्वपरीक्षेची. तिची प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत निघते. ती मराठीतही निघायला हवी, पण तेवढ्यावरून पोरांना परत पाठवायचं कारण नाही.

निवड झाल्यावर प्रत्येकाला एक परकी भाषा सरकारच शिकवतं. कुणाला अरबी, कुणाला चिनी, कुणाला रशियन. तिथे कॉन्व्हेंटचा मुलगा आणि जिल्हा परिषद शाळेची मुलगी, दोघंही मुळाक्षरांपासूनच सुरुवात करतात. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट या खेड्यातले. १९८३ साली ते या सेवेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले. शिबिरात त्यांचं नावही निघालं नाही.

मला हे वेड कुठून लागलं तेही सांगते. आमच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ पासून त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडे भाव पडत गेले. एका आंबिया बहाराला व्यापारी इसार देऊन गेला, अर्धा बगीचा तोडला आणि पुन्हा फिरकलाच नाही. उरलेली फळं झाडाखाली गळून पडली. सकाळी बगीच्यात गेलं की आंबूस वास यायचा, चिलटं घोंगावायची. बाबा रिकाम्या कॅरेटवर बसून होते. मला म्हणाले, "त्यायनं टॅक्स वाढवला, ठीक हाये. पन तिकडं आपल्या वतीनं बोलाले कोन असते?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. व्यापाराची धोरणं वाणिज्य मंत्रालय ठरवतं, हे मी नंतर वाचलं. पण ढाक्याला आपलं उच्चायुक्तालय, म्हणजे दूतावासच, आहे आणि व्यापाराचं काम पाहणारे अधिकारी तिथेही बसतात. त्यांच्यापैकी एखाद्याने तरी गळलेला बगीचा डोळ्यांनी पाहिलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या करिअरच्या पानावर या सेवेची माहिती साध्या मराठीत छापा: पसंतीक्रम कसा भरायचा, मसुरीच्या प्रशिक्षणानंतर दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत काय शिकवतात, पहिली नेमणूक कशी होते. नागपूर आणि अमरावतीला सरकारी पूर्वप्रशिक्षण केंद्रं आहेत, तिथला प्रवेश कसा मिळतो तेही द्या. आमच्या गावात आपला अंक सकाळच्या एसटीने येतो. त्या दिवशीचं पान मी अभ्यासिकेच्या फलकावर लावीन आणि एक प्रत त्या शेजारच्या मुलीला नेऊन देईन.

आपली,
एका संत्रा बागायतदाराची मुलगी
ता. वरूड, जि. अमरावती