तात्या, तुमचा आंब्याचा खोका मावशीकडे आहे

तीर्थस्वरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवरचं काही वाचत नाही हे ठाऊक आहे. नात वाचून दाखवील. चारचौघांत लिहितेय, कारण समोर येऊन आभार मानले असते तर "गप रव" म्हणून तुम्ही उठून गेला असतात.

जुलैतली ती सकाळ. वेंगुर्ल्याजवळच्या सागरेश्वर किनाऱ्याच्या वाळूत, भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याच्या ओळीत तो पक्षी पंख पसरून पडला होता. पाठ काळपट तपकिरी, पोट पांढरं, डोक्यावर काळी टोपी आणि कपाळावरून डोळ्यामागे गेलेली पांढरी पट्टी. पुण्याच्या आसपास पक्षी बघत हिंडणारी मी, नाव लगेच आठवलं: ब्रायडल्ड टर्न, म्हणजे सुरयांतली (टर्न पक्ष्यांतली) भर समुद्रात राहणारी जात. नाव आठवलं खरं, पण पुढे काय करायचं ते कुठे येत होतं? बाटलीच्या टोपणाने त्याच्या चोचीत पाणी ओतायला निघाले. मग वाटलं, समुद्राचं पाखरू, समुद्रातच सोडावं.

झापांनी झाकलेल्या होडीजवळून तुम्ही ओरडलात, "गो बाय, तेका पाण्यात घालू नको. बुडात ता!"

खोटं कशाला बोलू, रागच आला होता. घरी येऊन पुस्तकं उघडली तेव्हा राग गेला. ही सुरय पाण्यावर फारशी बसतच नाही. थकली की तरंगत्या ओंडक्यावर टेकते. वादळात दिवसेंदिवस मासळी टिपता आली नाही की उपाशी पडते, आणि वारा तिला किनाऱ्यावर आणून आदळतो. अशा भिजलेल्या, अर्धमेल्या जिवाला मी लाटेत ढकलणार होते! पाण्याचंही तसंच. जबरदस्तीने ओतलेलं पाणी श्वासनळीत गेलं तर जीवच जातो.

तुम्ही घरून खोका आणलात. हापूसचाच, आधीच भोकं असलेला. खाली कोरडा कागद, वर फडकं, आणि मांगरात, म्हणजे अंगणापलीकडच्या खोपटात, अंधारात ठेवला. दर दहा मिनिटांनी मी फडकं उचलून बघत होते, तर हातावर चापट मारलीत. ती चापट अजून आठवते. आणि वनखात्याला फोन करायला लावलात ते वेगळंच. वन्य पक्षी घरात ठेवून घेता येत नाही, हे पक्षीनिरीक्षक म्हणवणाऱ्या मला तुमच्याकडून ऐकावं लागलं.

त्या दिवशी मी हट्ट धरला होता, की पाऊस उघडला की मला वेंगुर्ला रॉक्सवर न्या. समुद्रातल्या, दीपगृहाच्या त्या खडकांवर सुरया अंडी घालतात. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी 1942 मध्येच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वेंगुर्ल्याच्या सुरयांवर आणि तिथल्या, ज्यांची घरटी माणसं खातात त्या पाकोळ्यांवर लिहिलंय. तुम्ही एवढंच म्हणालात, "तेंचे बाळंतपणाचे दिवस. थंय आपला काय काम?"

अंडं एकच असतं, तात्या. दगडाच्या आडोशाला, घरटं असं काही नाहीच. आईबाप आळीपाळीने जवळपास महिनाभर ते उबवतात. माणूस खडकावर उतरला की सगळा थवा उठतो, अंडं उघडं पडतं, उन्हात तापतं नाहीतर पावसात गारठतं. ते गेलं तर बहुतेक वेळा त्या जोडीचं वर्षच गेलं. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत तुमच्या होड्या वर ओढलेल्या असतात, त्यामुळे माशांबरोबर या पाखरांनाही थोडा निवांतपणा मिळत असणार. नाहीतर त्याच खडकांच्या गुहांतून पाकोळ्यांची घरटी चोरून नेणारेही होतेच की.

आणि तुमचा स्वार्थही तुम्हीच सांगितलात. ही पाखरं एका जागी घिरट्या घालू लागली की खाली मोठी मासळी बारक्या मासळीला वर ढकलत असते, मग होडी तिकडे वळवायची. ते मला आवडलं. भूतदयेवर भाषण न देता सांगितलंत म्हणून.

वनरक्षकांचा तिसऱ्या दिवशी फोन आला. वारा पडल्यावर त्यांनी तिला उंचावरून सोडलं. आधी एक गिरकी घेतली म्हणे, मग सरळ समुद्राकडे गेली. पुढे जगली का, कुणाला कळणार?

नारळी पौर्णिमेनंतर येतेय. होडीत घ्याल तर खडकांजवळ न्या असं म्हणणार नाही. तुम्ही थांबवाल तिथून दुर्बिणीने बघेन.

खोका वनखात्याने परत दिलाय. मावशीने धुवून, वाळवून पडवीत ठेवलाय. न्यायला याल तेव्हा चहाला थांबा, असा तिचा निरोप आहे.

तुमची,
पुण्याची बाय