गोळ्यांची पिशवी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोन ठेवताना तू चिडून म्हणालास, "खून करताना यांचं डोकं शाबूत असतं, आणि शिक्षा ऐकायची वेळ आली की सगळे वेडे होतात!" मी तेव्हा गप्प बसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

आधी एक गल्लत. वेडाचा बचाव वेगळा आणि शिक्षा ठरवताना आजाराचा विचार करणं वेगळं. बचाव म्हणजे जुन्या दंडसंहितेचं कलम ८४, आताच्या न्याय संहितेचं कलम २२. मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हे, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, त्या क्षणी माणसाला कळतच नव्हतं असं दाखवता आलं, तर तो गुन्हाच ठरत नाही. ही कसोटी १८४३ साली इंग्लंडात मॅकनॉटनच्या खटल्यानंतर घडली. दार फार अरुंद आहे. आजारी असलेले पुष्कळ जण त्यातून जात नाहीत, कारण 'मी मारतोय' एवढं त्यांना कळलेलं असतं. त्यांचा गुन्हा शाबीत होतो, आणि व्हायलाही हवा. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: जन्मठेप की फाशी?

इथे कायदा मोकळा आहे रे. फाशी कधी द्यायची याचा पाया घालणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग खटल्यात डॉ. चितळे या वकिलांनी शिक्षा सौम्य करणाऱ्या सात गोष्टींची यादी दिली होती. त्यातली पहिलीच म्हणजे गुन्हा टोकाच्या मानसिक वा भावनिक क्षोभात घडणं. शेवटची म्हणजे मनाच्या दोषामुळे आपल्या कृत्याचं गुन्हेगारी स्वरूप समजण्याची कुवत कमी झालेली असणं. कुवत 'नसणं' नव्हे, 'कमी असणं'. या गोष्टींना मोठं वजन द्यायला हवं, असं न्यायालयानं म्हटलं. निकालाला चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी सुनावणीत आम्हा आरोपीच्या वकिलांना अजून एकच प्रश्न येतो: "वेडा होता की नव्हता, तेवढं सांगा."

माझ्याकडचा एक खटला सांगतो, नावगाव लिहीत नाही. त्यानं शेजाऱ्याला मारलं. दोन दिवस आधी सुरा आणून गादीखाली ठेवला होता. सरकारी वकिलांनी त्यावरच भर दिला: कट रचणारा माणूस आजारी कसा? ऐकायला बिनतोड वाटतं. पण शेजारी आपल्या पाण्यात विष कालवतो, अशी त्याची पक्की खात्री होती. रोज भांडं उन्हात धरून तो पाण्याचा रंग बघायचा. पाया भ्रमाचा, पण त्यावरची बांधणी अगदी शिस्तशीर, हे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात होतं. म्हणून नुसत्या तयारीवरून मन निरोगी होतं असं म्हणता येत नाही.

त्याची आई माझ्याकडे प्लास्टिकची पिशवी घेऊन आली होती. आत डॉक्टरांच्या सहा वर्षांच्या चिठ्ठ्या, घड्यांवर फाटलेल्या. शेवटची चिठ्ठी खुनाच्या अकरा महिने आधीची. सोबत गोळ्यांची एक पट्टी, चार गोळ्या तशाच शिल्लक. "बरं वाटतंय म्हणाला, मग मीही आग्रह केला नाही," एवढं बोलून ती पदराशी चाळा करत बसली. सुधीर, तू सोंग म्हणतोस ना, सोंगाला उत्तर या पिशवीत आहे. अटकेनंतर सुरू झालेला वेडेपणा आणि सहा वर्षांचे कागद यांत फरक करता येतो. डॉक्टर दिवसेंदिवस निरीक्षण करतात, त्यातूनही बरंच उघड होतं. २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की आरोपीची मानसिक तपासणी आणि त्याच्या आयुष्याची माहिती खालच्या कोर्टातच समोर यायला हवी. प्रत्यक्षात गुन्हा शाबीत झाला की शिक्षेची सुनावणी कित्येकदा तासाभरात उरकते. या घाईचा मला फार राग येतो.

प्रत्येक निदानाला सूट द्या, असं मी म्हणत नाही. आजार गंभीर हवा, त्याचा त्या कृत्याशी धागा हवा. आणि आजारी माणूस म्हणजे खुनी, असं तर अजिबात नाही. बहुतेक आजारी माणसं कुणाच्या वाटेलाही जात नाहीत, आणि युक्तिवाद करताना त्यांना बदनाम करायचा हक्क मला नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. ज्या आजारामुळे दोष कमी होतो, त्याच आजाराची जजसाहेबांना भीती वाटते. "हा पुन्हा करील." म्हणजे दयेसाठी मांडलेला कागद फाशीच्या पारड्यात जाऊन पडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली पेन्री खटल्यात या दुधारीपणाची दखल घेतली होती, तिथे प्रश्न मतिमंदत्वाचा होता. माझं उत्तर सरळ आहे: धोक्यावर उपाय तुरुंग आणि औषध. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेरविचारात फाशी रद्द केली. आरोपीचं नाव झाकून ठेवलं, शिक्षेनंतर दिसून आलेला गंभीर मानसिक आजारही धरला. पण मरेपर्यंत कैद, सूट नाही, आणि सोबत उपचार. दोन लहान मुलींचे जीव गेले होते, ते कुणी विसरलं नव्हतं.

मीही विसरत नाही. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्या शेजाऱ्याच्या बायकोनं मला थांबवलं. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं विचारलं, "गोळ्या चालू असत्या, तर हे असते का?" मी म्हटलं, "बहुतेक असते." ती मान हलवून आत गेली. आजार खरा मानला म्हणून तिचं दुःख हलकं होत नाही, हे मला कळतं. पण त्याला फासावर चढवून तिच्या या प्रश्नाचं काय होणार, ते मला समजत नाही.

माझं म्हणणं पटलं नाही तर तसं खुशाल लिही, तू गप्प राहिलास की मला जास्त त्रास होतो. शिक्षेची सुनावणी पुढच्या सोमवारी आहे. तपासणीच्या अहवालासाठी मुदत मागितली आहे, मिळते की नाही बघू. आज रात्री चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून त्यांची यादी करायची आहे. एकीवरची शाई पार उडालीय, दिव्यासमोर धरून वाचावी लागेल.

तुझा,
विश्वास