पहाटे चारचं कौतुक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतलं दहावीच्या गुणवंतांचं पान वाचलं. मुलांचं अभिनंदन. पण 'चार तास झोप पुरते' हे वाक्य चौकटीत, ठळक अक्षरांत छापायची काय गरज होती? आमच्या दहावीतल्या लेकीनं ते कापून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलं. तिला अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्यावरच्या, गोळ्या चालू आहेत. मी ते काढलं, त्यावरून कालपासून घरात अबोला आहे. त्याचं श्रेय आपल्या पुरवणीला.

तिचा त्रास उठल्या उठल्या होणारा. झोप नीट झाली असेल तर सकाळ सुरळीत जाते. जागरण झालं की ब्रश करतानाच हाताला हिसके बसतात, चहाचा कप उडतो. मागं तिच्या क्लासवाल्यांनी सकाळी साडेसहाला सराव परीक्षा ठेवली. पोरगी रात्री एकपर्यंत जागली आणि पहाटे चारला पुन्हा पुस्तक घेऊन बसली. गोळी चुकली नव्हती, रात्रीची मीच तिच्या हातावर ठेवली होती. पेपर लिहिताना दोनदा पेन हातातून उडालं आणि मग ती बाकावरून खाली कोसळली. तिथं एकानं नाकाला चप्पल लावली, दुसरा दातांत चमचा घालायला निघाला. कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर दवाखाना गाठायचा. चौकट छापायचीच तर ही छापा.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांच्या आधी विचारलं, "काल झोपली किती वाजता?" ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढायचा होता तेव्हा त्यांनीच तिला आदल्या रात्री मुद्दाम जागवायला सांगितलं होतं. झोप मोडली की मेंदूतली गडबड कागदावर उमटायची शक्यता वाढते, म्हणून. तिचे बाबा रात्री तीनपर्यंत तिच्याशी कॅरम खेळत बसले होते. तपासणीसाठी डॉक्टर जे एक रात्र करायला लावतात, ते क्लासवाले वर्षभर करून घेतात, वर फीही घेतात.

दुपारची बॅच मागितली तर उत्तर आलं, "मॅडम, एकीसाठी नियम बदलता येत नाही. रात्री नऊला झोपवा की." वा! या वयात झोपेची वेळच तास-दोन तास पुढं सरकते. नऊला अंथरुणावर घातली तरी अकरापर्यंत पंख्याकडं बघत पडते. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. साडेसहाच्या क्लासात ती कुठून बसवायची, हे गणिताच्या सरांनीच सांगावं. सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, का तर मुलांची झोप होत नाही. चांगलं केलं. पाचवीत गेल्यावर झोप नको असते वाटतं?

आणि लवकर झोपवायचं म्हणजे कुठं, मंगळवार पेठेत? रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, हे नियम २००० सालापासून आहेत. आमच्या गल्लीत परवा कुणा भाऊंचा वाढदिवस होता. साडेअकराला डॉल्बीनं खिडकीची तावदानं थरथरत होती. तक्रारीला फोन केला तर पलीकडून आधी माझंच नाव-पत्ता विचारला. त्या भाऊंना शुभेच्छा देणारी पानभर जाहिरात त्याच सकाळी आपल्या अंकात होती, तेव्हा याबद्दल आपल्याकडं दाद मागण्यात अर्थ नाही हे कळतं. तरी लिहिलं.

गोळ्यांच्या जागी झोप चालते, असं मी म्हणत नाही. तसं समजून कुणी गोळ्या बंद करू नयेत.

कृपया माझं नाव छापू नये. माझी हरकत नाही, पण तिच्या आजीला आत्तापासून नातीच्या लग्नाचा घोर आहे, आणि घरात एक अबोला पुरेसा आहे.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर