माळ खुंटीवरून काढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. जपाला बसलं की दहा मिनिटांत डोळे मिटतात म्हणून तू माळ खुंटीला टांगलीस, हे वाचून चैन पडेना.

मार्गशीर्षात मी इगतपुरीला धम्मगिरी या केंद्रात विपश्यनेच्या, म्हणजे ध्यानाच्या, दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलो. पहाटे ४ ला घंटा, साडेचारला बैठक, नऊ दिवस मौन. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. संध्याकाळी सत्यनारायण गोयंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन. साधकाचे पाच शत्रू त्यातच ऐकले: आसक्ती, द्वेष, आळस, बेचैनी, संशय.

तुझ्या झोपेला पाली भाषेत नावही आहे, थीनमिद्ध. मोग्गल्लान म्हणजे बुद्धांच्या दोन अग्रशिष्यांपैकी एक. तोसुद्धा मगधातल्या एका गावी ध्यानाला बसून पेंगत होता. बुद्ध त्याला रागावले नाहीत. पाठांतर म्हण, कानाच्या पाळ्या ओढ, डोळ्यांना पाणी लाव, चांदण्यांकडे बघ, चंक्रमण कर म्हणजे येरझाऱ्या घाल, असे एकामागून एक उपाय सांगितले. तरीही झोप आवरेना तर उजव्या कुशीवर नीज, पण उठायची वेळ मनाशी ठरवून. मला यातली माया फार भावली.

माझा शत्रू दुसरा. सातव्या दिवशी अधिष्ठानाची बैठक होती, म्हणजे तासभर मांडी मोडायची नाही, हात हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघ्यातून कळा येत होत्या आणि त्यातच दादा डोळ्यांपुढे आला. बाबांच्या तेराव्यालाच त्यानं वाटणीचं काढलं होतं, तू होतासच तिथे. एरवी मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत बसतो. त्या दिवशी अंगाकडे बघितलं. दात आवळलेले, कानशिलं तापलेली, उजवी मूठ घट्ट वळलेली. कधी वळली, पत्ता नव्हता. दादा तिकडे गावी जेवून वामकुक्षी करत असेल आणि भाजत होतो मी! नुसतं बघत राहिलो. बऱ्याच वेळानं करंगळी सुटली, मग एकेक बोट. दादाचं चुकलंच होतं, हे मला आजही वाटतं. पण त्याच्याविषयी पोटात जे धुमसत होतं, ते त्या तासात पहिल्यांदा निवलं.

आता घरी पहाटे साडेपाचला बसतो. परवा दादाचा फोन आला तेव्हा मूठ पुन्हा वळली, पण वळतानाच कळलं. आईच्या औषधांचं बोललो, बागेचं विचारलं.

तू उद्या पहाटे झोप आली तर गच्चीवर जा, डोळ्यांना पाणी लाव, चांदणं बघ आणि परत आसनावर येऊन बस. चार दिवसांनी काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच