करकपात, आयातशुल्क, चलन : बातम्या तीन, खिसा एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थपानाचा मी जुना वाचक. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे मथळ्याआधी नजर आकड्यांकडे जाते. एक गोष्ट बरेच दिवस खटकते आहे. कंपनी कर कमी झाला की ‘गुंतवणूकदारांची चांदी’, आयातशुल्क लागले की ‘बाजार धास्तावला’, चलन घसरले की ‘निर्यातदारांच्या पथ्यावर’. तीन बातम्या, तीन वेगवेगळ्या दिवशी. भागधारकाकडे मात्र त्या एकाच कागदावर उतरतात, तो म्हणजे नफा-तोटा पत्रक, आणि तिथे एकमेकींचे पाय ओढतात. ही ओढाताण छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कर. अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये कायदा करून कंपनी कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला. तोंडी हिशेब सोपा आहे. करपूर्व नफा १०० असेल तर आधी ६५ हातात यायचे, आता ७९. म्हणजे धंदा तसूभरही न वाढता करोत्तर नफा २१ टक्क्यांहून अधिक वाढला. पण ही वाढ एकदाच मिळते. पुढच्या वर्षी तुलना ७९ शीच होते आणि धंदा होता तिथेच असतो. शिवाय हा लाभ पूर्ण ३५ टक्के भरणाऱ्या कंपनीचा. ज्यांचा नफा आधीच कमी कराच्या देशांत मांडलेला होता किंवा ज्यांना सवलती होत्या, त्यांचा प्रत्यक्ष दर मुळातच बराच खाली होता. त्यांना मिळाले ते थोडेसेच. हे पाहायला अहवालातली कराची टीप उघडावी लागते. छापील दर आणि भरलेला दर यांतला फरक तिथे ओळीने मांडलेला असतो. ती टीप सहसा कोणी वाचत नाही. वाचकही नाही आणि, राग मानू नका, बातमीदारही नाही.

करकपातीने तोटासुद्धा होतो, हे सांगितले तर लोक हसतात. सिटीग्रुपचे उदाहरण बघा. २००८ च्या संकटातले प्रचंड तोटे या बँकेकडे कराच्या दृष्टीने ‘जमा’ होते. पुढच्या नफ्यातून वजा करून तेवढा कर वाचवायचा, असा तो हक्क, आणि ताळेबंदात तो मालमत्ता म्हणून दिसत होता. कर ३५ टक्के असताना १०० च्या तोट्यातून ३५ वाचणार होते. कर २१ झाल्यावर २१ च वाचणार. एका सहीने त्या मालमत्तेची किंमत उतरली. बँकेला २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत सुमारे २२ अब्ज डॉलरचा खर्च नोंदवावा लागला, त्यात मोठा वाटा याच फेरमूल्यांकनाचा, आणि पत्रकात १८ अब्ज डॉलरहून अधिक तोटा दिसला. रोकड गेली नव्हती आणि पुढचा कर कमी होणारच होता, त्यामुळे जाणकार घाबरले नाहीत. पण फक्त शेवटची ओळ वाचणाऱ्याची काय गत झाली असेल?

आणि बाजार? २०१८ मध्ये अमेरिकी कंपन्यांचा नफा सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि तिथल्या पाचशे बड्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक वर्षअखेर ६ टक्क्यांनी खाली बंद झाला. करकपातीचा आनंद २०१७ मध्येच भावात खाऊन झाला होता. २०१८ मध्ये व्याजदर चढत होते आणि आयातशुल्काचे सत्र सुरू झाले होते.

त्या शुल्काची गंमत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने आयात होणाऱ्या वॉशिंग मशिनवर शुल्क लावले. ते लागावे म्हणून व्हर्लपूल या तिथल्याच कंपनीने पाठपुरावा केला होता. बातमी आली तसा तिचा शेअर वधारला. मार्चमध्ये सरकारने पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. आता मशिन कशाचे बनते? पत्र्याचेच ना! जुलैत तिमाही निकाल आले आणि शेअर एका दिवसात सुमारे १४ टक्के कोसळला. कच्च्या मालाचा वाढलेला खर्च हे त्यातले एक मोठे कारण. ज्या तटबंदीसाठी खटपट केली, तिच्या विटांचे पैसे स्वतःलाच मोजावे लागले. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी किमती तपासल्या तेव्हा कळले की वॉशिंग मशिन साधारण १२ टक्क्यांनी महागली, आणि ड्रायर, म्हणजे कपडे वाळवायचे यंत्र, तेही जवळजवळ तितकेच महागले. ड्रायरवर शुल्क नव्हतेच! पण गिऱ्हाईक दोन्ही जोडीने घेते, तेव्हा विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली.

‘अमुक देशावर शुल्क लावले’ असे आपण छापता, तेव्हा वाचकाला वाटते तो देश धनादेश पाठवणार. शुल्क भरतो तो आयातदार, बंदरावर, माल सोडवून घेताना. मग तो ते पुरवठादाराच्या माथी मारतो, गिऱ्हाइकाकडून काढतो, नाहीतर आपल्या मार्जिनमधून, म्हणजे नफ्यातून, सोसतो. गुंतवणूकदाराचा संबंध या तिसऱ्या तुकड्याशी. आणि इथे कर परत येतो. सोसलेले शुल्क हा खर्च आहे, तो करपूर्व नफ्यातून वजा होतो. कर ३५ टक्के असताना कंपनीने १०० चे शुल्क सोसले तर ३५ चा कर वाचतो आणि भागधारकाचे ६५ जातात. कर २१ टक्के झाल्यावर त्याच १०० पैकी भागधारकाचे ७९ जातात. म्हणजे ज्या करकपातीसाठी आपण पेढे वाटले, तिनेच शुल्काचा फटका भागधारकाला अधिक जोराने बसवला. हे दोन निर्णय काही महिन्यांच्या अंतराने एकाच सरकारने घेतले. मात्र दोन्हींचा एकत्र हिशेब मला कुठल्याही अर्थपानावर दिसला नाही.

चलनाबद्दल लिहिताना माझीच फजिती आधी सांगतो. एका निर्यातदार कंपनीचे शेअर मी चलन घसरल्याबरोबर घेतले. बाहेर डॉलरमध्ये विक्री, घरात खर्च, मग फायदा ठरलेलाच! तिमाही निकाल आला आणि नफा घटलेला. टिपा काढून बसलो. निम्म्याहून अधिक कच्चा माल आयातीचा. कर्ज परकीय चलनात. वरून पुढच्या काही महिन्यांचे डॉलर कंपनीने जुन्याच दराने आगाऊ विकून ठेवलेले. घसरणीचा फायदा असा कुठे उरलाच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपा तपासल्या आणि स्वतःचे पैसे घालताना एक पान उलटले नाही.

चलनाने निर्देशांकाचा अर्थही उलटा होतो. एक युरो १.२० फ्रँकखाली जाऊ देणार नाही, अशी हमी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून दिली होती. १५ जानेवारी २०१५ ला ती अचानक काढून घेतली. निर्यातदारांच्या धास्तीने तिथला निर्देशांक त्या दिवशी सुमारे ९ टक्के पडला. पण फ्रँक युरोपुढे त्याहून कितीतरी अधिक वधारला, त्यामुळे युरोत हिशेब ठेवणारा परका गुंतवणूकदार त्याच पडझडीत नफ्यात होता. याच्या उलट २०२५ ची पहिली सहामाही, अमेरिकेच्या नव्या आयातशुल्कांची. शुल्क लावणाऱ्या देशाचे चलन मजबूत होते, असे पाठ्यपुस्तक सांगते. डॉलर निर्देशांक, म्हणजे इतर प्रमुख चलनांपुढे डॉलरची किंमत, उलट १० टक्क्यांहून अधिक घसरला. एस अँड पी ५०० सुमारे साडेपाच टक्के वर होता, पण युरोत मोजणाऱ्याला त्याच निर्देशांकात साधारण ७ टक्के तोटा. पडदा हिरवा, खाते लाल.

कंपन्या इथे चलाखी करतात. चलन विरोधात गेले की ‘स्थिर चलनातील वाढ’, म्हणजे चलनाचा चढउतार वगळून मोजलेली वाढ, पहिल्या पानावर येते, बाजूने गेले की ती मागे कुठेतरी जाते. आपले पान मात्र कंपनीने जो आकडा पुढे केला तोच छापते.

माझी विनंती छोटी आहे. तिमाही निकालांच्या बातमीत विक्री आणि नफ्याच्या जोडीला तीन आकडे द्या : प्रत्यक्ष भरलेल्या कराचा दर, कच्च्या मालात आयातीचा वाटा आणि परकीय चलनातले कर्ज. बहुतेक आकडे वार्षिक अहवालात असतात, एका माणसाचे एका दुपारचे काम आहे. जागेची अडचण असेल तर ‘आज बाजार का वाढला’ हा रोजचा रकाना काढला तरी माझी तक्रार नाही.

आपला,
एक जुना वाचक