राख आपली, मका आपला, मग टाक्या गळक्या का?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावची पाण्याची टाकी तशी नवीच, पण खालून बारीक चिरा पडल्यात, पाणी झिरपून पांढरे ओघळ आलेत आणि दरवर्षी कोणीतरी येऊन वरून सिमेंटचा हात मारून जातं. ते पांढरं म्हणजे काँक्रीटमधलाच चुना. तो बाहेर वाहण्याऐवजी चिरेतच बसला तर?

हॉलंडच्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स 2006 पासून याच्याच मागे आहेत. बॅसिलस जातीच्या बॅक्टेरियाचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य काँक्रीट कालवतानाच टाकायचं, ते आत निपचित पडून राहतात, चिरेतून पाणी आत शिरलं की जागे होतात आणि चुनखडी तयार करून चीर बुजवतात. त्यांच्या टेस्टमध्ये 100 दिवस पाण्यात ठेवल्यावर 0.46 मिमीपर्यंतच्या चिरा भरल्या, बॅक्टेरिया नव्हते तिथे 0.18 पर्यंतच.

महाग पडतं, मान्य. पण मका भिजवून स्टार्च काढताना जे पाणी उरतं ते बॅक्टेरियाला खाद्य म्हणून चालतं, हे आपल्याच देशात पटियालाच्या थापर संस्थेत करून पाहिलंय. आता मका खानदेशात ढिगाने, स्टार्चचा कारखाना दोंडाईच्याला, आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख तर भुसावळकरांना विचारा! ती राख सिमेंटमधल्या चुन्याशी जुळून काँक्रीट घट्ट करते, 35 टक्क्यांपर्यंत राखेचं सिमेंट तर दुकानात मिळतंच.

फक्त राखेचं सिमेंट सावकाश पक्कं होतं, म्हणून काँक्रीटच्या कामाचं जे भारतीय मानक आहे त्या आयएस 456 मध्ये लिहिलंय की साध्या सिमेंटला 7 दिवस पाणी मारा, राखेच्याला किमान 10, जमलं तर 14. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत सकाळी भिजवलेलं गोणपाट दुपारी कडक होतं आणि मिस्त्री दोन दिवसांत दुसऱ्या साईटवर. मग बोटभर फट पडली तर ती बॅक्टेरियाच्या बापालाही बुजणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी एखादी छोटी पाटचारी घ्यावी, निम्मी साधी, निम्मी बॅक्टेरियाची, आणि दोन वर्षं पाणी सोडून किती झिरपतं ते मोजावं. तोवर टाकीच्या टेंडरमध्ये पाणी मारायचे दिवस लिहा आणि बिल काढायच्या आधी ओल्या गोणपाटाचे तारखेसकट फोटो मागा.

आपला एक वाचक,
ता. भुसावळ